पगडीवाले कोणीतरी

"साहेब, पुतळ्यापाशी आलोय. पण इथं टिळक नाहीत."
"आहेत. नीट बघ."
"पगडीवाले कोणीतरी आहेत."
"तेच! समोरचा जिना, दुसरा मजला."

आठवड्यातून दोनदा तरी हे होतं. आमचा पत्ताच 'टिळक पुतळ्यासमोर'. त्यामुळे पुतळा टिळकांचाच आहे हे पार्सलवाल्यांना पटवायचं काम माझ्याकडे. शिल्पकाराने पगडी आणि उपरणं मन लावून केलंय. मधला ऐवज बहुधा उद्घाटनाच्या आदल्या रात्री उरकला. त्यावर दर जुलैत सोनेरी ऑइलपेंटचा हात. आधीचा थर खरवडायचं टेंडर वेगळं असावं. मिशी आता खालच्या ओठावर उतरलीय, डोळे मिटत आलेत. 1897 साली 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असं छापून विचारणारा माणूस हा! आमच्या चौकात पंगतीत मिरची चावल्यासारखा उभा आहे.

वर्षातले दोन दिवस मात्र देखणा दिसतो. 23 जुलैला जयंती, 1 ऑगस्टला पुण्यतिथी. हार पार नाकापर्यंत येतात. पण दोन्हींत अंतर नऊच दिवसांचं. बाकीचं वर्ष आम्ही काढायचं कसं?

हलवा एकदाचा, असं मीही म्हणायचो. मग मुंबईचा काळा घोडा आठवला. राजपुत्र एडवर्डचा तो पुतळा बोएमने घडवलेला, 1879 पासून दिमाखात उभा. रूपात काडीची खोट नाही. तरी 1965 साली उचलून राणीच्या बागेत नेलाच. मूळ जागेला लोकांनी नाव ठेवलं ते घोड्याचं. 2017 मध्ये तिथे नवा घोडा आला, तोही स्वाराविना. आमच्या टिळकांना चौकातून हलवायची मात्र कुणाची टाप नाही, आणि तसं कुणी बोललं तर आता मीच भांडतो. (पुण्यातला, शिल्पकार करमरकरांचा 1928 चा अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा बघून आलो की दोन दिवस भांडत नाही.)

परवा रंगारी आला. शिडी, डबा, चार इंची ब्रश. "यंदा मिशी जरा वर घ्या," मी खालून विनवलं.

"ओठ कुठंय ते दाखवा, घेतो."

मी मोबाईलवर टिळकांचा खरा फोटो शोधून शिडीच्या दोन पायऱ्या चढलो. त्याने फोटो बघितला, पुतळा बघितला, परत फोटो बघितला.

"हे कोण?"