काळा गाळ, चौपट तांबं आणि घाईचा निकाल

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. रत्नागिरीकडच्या कुठल्याशा खाडीतल्या काळ्या चिखलाचा फोटो, सोबत एका लॅबचा आकडा (तांबं किलोमागे 136 मिलिग्रॅम) आणि खाली निकाल: "काळा रंग म्हणजे केमिकल. तांबं मर्यादेच्या चौपट. आंबा घाट उतरून मासे आणू नका." खाडी स्वच्छच आहे असा आमचा दावा नाही. पण एवढ्यावर निकाल लागत नाही.

"काळा रंग म्हणजे केमिकल." ओहोटीला खाडीच्या चिखलात काठी खुपसा. वरचा पातळ थर तपकिरी, खाली काळं, आणि कुजक्या अंड्याचा वास. पालापाचोळा कुजताना प्राणवायू संपतो, समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटचं सल्फाइड होतं आणि लोहाशी मिळून काळं लोह-सल्फाइड बनतं. तोच चिखल ताटलीत पसरून हवेत ठेवा, वरून तपकिरी पडायला लागेल. सांडपाण्यानं हा काळेपणा वाढतो, हे खरं. पण खारफुटीखालचा निरोगी चिखलही काळाच असतो. आणि रत्नागिरीच्या पुळणीवरची काळी वाळू तर इल्मेनाइटची, म्हणजे खनिजाची.

"मर्यादेच्या चौपट." ही 'मर्यादा' म्हणजे बहुधा 34 मिलिग्रॅम. 1995 साली अमेरिकेत समुद्री गाळासाठी काढलेली ती खालची पातळी. तिच्याखाली जीवांवर दुष्परिणाम क्वचितच दिसतात, एवढाच तिचा अर्थ. वरची पातळी 270. 136 मधे पडतो, म्हणजे 'आणखी तपासा'.

खरी गोम इथे आहे. पन्हाळ्याच्या जांभ्याखाली जो काळा बेसॉल्ट आहे, तोच घाटाखाली रत्नागिरीपर्यंत पसरलाय, आणि या खडकात मुळातच तांबं भरपूर. म्हणून धातूला ॲल्युमिनियमनं (ते मुख्यतः खडक-मातीतूनच येतं) भागून स्थानिक पार्श्वभूमीशी, म्हणजे तिथल्या नैसर्गिक प्रमाणाशी, ताडतात. उदाहरणादाखल: नमुन्यात तांबं 136, ॲल्युमिनियम 8 टक्के; त्याच खाडीत खोलवरच्या, कारखान्यांआधीच्या थरात 120 आणि 7.5 टक्के. 136 भागिले 8 म्हणजे 17, 120 भागिले 7.5 म्हणजे 16; 17 भागिले 16, म्हणजे 1.06, वाढ जवळपास नाहीच. तोच नमुना शेल या चिखलापासून बनलेल्या खडकाच्या जागतिक सरासरीशी (45 आणि 8 टक्के) ताडला की उत्तर तीन येतं. नमुना एकच, फक्त पार्श्वभूमी बदलली.

दोन्ही नमुने एकाच पद्धतीनं विरघळवलेले हवेत. आम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण) सिलिकेट खनिजांमधलं ॲल्युमिनियम पुरतं सुटत नाही. त्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. एक नमुना असा, दुसरा तसा केला की गुणोत्तराला अर्थ उरत नाही.

"एका रिपोर्टनं सिद्ध." नमुना कुठून, किती खोलीवरून घेतला, हे मेसेजमध्ये नाही. धातू बारीक कणांना चिकटतात. 63 मायक्रॉनखालचा भाग वेगळा न करता वाळूचा आणि चिखलाचा आकडा शेजारी मांडणं चूक. उलट बाजूही बघा: वाळूमिश्रित नमुन्यात खरं प्रदूषण झाकलं जातं. चाळणी नायलॉनची हवी, पितळेची नको, नाहीतर तांबं आणि जस्त चाळणीतूनच येतं. नमुना घ्यायचा तो वरच्या 2 सेंटिमीटरचा, प्लास्टिकच्या चमच्यानं, गाळ उचलणाऱ्या धातूच्या पंज्याला टेकलेला भाग सोडून. जेट्टीलगतचा नमुना तर वेगळाच धरावा. होड्यांच्या बुडाला लावतात त्या रंगात तांबं असतं. एका जागेचे किमान तीन नमुने आणि प्रमाणित संदर्भ-गाळाची (ज्यातलं धातूंचं प्रमाण आधीच ठाऊक असतं अशा गाळाची) चाचणी दिसल्याशिवाय आम्ही असा आकडा मनावर घेत नाही.

"मासे आणू नका." गाळातलं एकूण तांबं म्हणजे माशाच्या पोटात गेलेलं तांबं नव्हे. तेच काळं सल्फाइड तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम धरून ठेवतं. गाळ उपसून हवेत आला की ते सुटू शकतात. बांगडा तर खुल्या पाण्यातला, खाडीच्या तळाशी त्याचा संबंध कमीच. काळजी करायचीच तर तिसऱ्या आणि कालवांची करा, कारण ती एका जागी राहून पाणी गाळून खातात. त्यांचं मांस तपासायचं, आणि त्या रिपोर्टवर ओल्या वजनाचा आकडा आहे की सुक्या, ते आधी बघायचं.