रामन, फरशी आणि एक्झॉस्ट

कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर केमिस्ट्री लॅबच्या नूतनीकरणासाठी वर्गणी मागितली आणि लगेच एकाने टाकलं, "रामननी दोनशे रुपयांच्या सामानात नोबेल आणलं, ह्यांना फॉल्स सीलिंग पाहिजे." धडाधड अंगठे! डोकंच फिरलं माझं.

अरे, रामनना 1907 पासून कलकत्त्यात ऑफिस सुटल्यावर जाऊन काम करायला लॅब तरी होती ना? महेंद्रलाल सरकारांनी 1876 मध्ये वर्गण्या गोळा करून काढलेल्या संस्थेतली. म्हणजे ज्या वर्गणीला तुम्ही नाकं मुरडताय, तसल्याच पैशातून उभी राहिलेली.

मी इथे जर्मनीत, बोखुमला. हे विद्यापीठ 1965 ला सुरू झालं, सगळं काँक्रीट, आणि नंतर कळलं की त्यात पीसीबी हे विषारी रसायन आहे, मग आयए, आयबी ह्या इमारती सरळ पाडल्या आणि नव्याने बांधल्या. कोणी रामन काढले नाहीत मध्ये. आपल्याकडे फ्यूम हूडमध्ये, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटात, जुनी जर्नल्स रचलेली, एचटूएसचा सडक्या अंड्यासारखा वास जिन्यापर्यंत, आणि कॉलेजला ग्रेड देणारी नॅकची टीम येणार म्हटलं की भिंतींना रंग. इथे हूडला दरवर्षी तपासणीचं स्टिकर लागतं आणि काच वर राहिली की तो बोंबलायला लागतो.

पण त्या सीलिंगवाल्याचं एक बरोबर आहे, पैसा नको तिथेच जातो. हूड जितकी हवा बाहेर फेकतो तितकी आत आणावी लागते, त्यासाठी डक्ट हवेत, जुन्या इमारतीत डक्टला जागा नसते, विजेचा लोड वाढवून घ्यावा लागतो, खरा खर्च तो आणि तो फोटोत दिसत नाही. म्हणून व्हिट्रिफाइड टाइल्स. उद्घाटनाला चकचकीत दिसतात आणि ॲसिड सांडलं की पाय घसरतो.

हे सगळं लिहिलं तर उत्तर आलं, "तिकडे बसून अक्कल शिकवू नको." झोंबलं. इथल्या मीटिंगमध्ये मी इतकं कधी बोलत नाही हो, कॉन्ट्रॅक्ट प्रोजेक्टपुरतं, ते संपलं की दारावरची पाटी निघते. तिकडे ब्रेकेज रजिस्टरमध्ये माझ्या नावावर फुटलेलं ब्युरेट अजून असेल.

पैसे पाठवतोय, फक्त एक्झॉस्ट आणि त्याच्या एएमसीसाठी, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारासाठी, तसं लेखी कळवलंय. आणि खाली, देणगीदारांचा बोर्ड लागणार आहे का, हेही विचारून घेतलंय.