‘नाशिकच्या ब्रह्मोस’चा फॉरवर्ड आणि समुद्रावरचं गणित

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मजकूर तीनदा येऊन पडला. थोडक्यात असा: ‘ओझरला बनणारं १०० टक्के स्वदेशी ब्रह्मोस ध्वनीच्या तिप्पट वेगाने जातं आणि रडारला दिसतच नाही. हजार किलोमीटरवरचं कुठलंही जहाज घरबसल्या बुडवता येतं. मग निर्भयसारख्या बैलगाडीवर पैसा कशाला? आणि नौदलाला मोठी जहाजं हवीत कशाला? प्रत्येक नाशिककराने पुढे पाठवा.’

ब्रह्मोस आणि निर्भय ही दोन्ही आपली क्षेपणास्त्रं, पहिलं ध्वनीपेक्षा कितीतरी वेगवान, दुसरं ध्वनीपेक्षा हळू. पाठवणारी माणसं आपलीच, म्हणून ग्रुपवर वाद घातला नाही. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठेतरी घसरलेलं आहे.

आधी बैलगाडी, कारण खरी गंमत तिथेच आहे. ब्रह्मोसचा वेग साधारण २.८ माख (ध्वनीच्या २.८ पट), म्हणजे ‘तिप्पट’ला फारसं हरकत घ्यायला नको. पण तो वेग फुकट मिळत नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावर गाडी ७० ने चालवली तर एका टाकीत किती जाते आणि १४० ने दामटली तर किती, हे आपल्याला माहीत आहे. क्षेपणास्त्राची टाकी तर वाटेत भरताही येत नाही. ब्रह्मोसला आधी घन इंधनाचा बूस्टर ध्वनीच्या पुढे ढकलतो, मग रॅमजेट पेटतं. समोरून घुसणारी हवा वेगामुळेच दाबली जाते आणि त्यात इंधन जळतं. इंजिन साधं, पण खादाड. जहाजावरून सुटणाऱ्या ब्रह्मोसचं वजन सुमारे ३ टन आणि मूळ पल्ला २९० किलोमीटर. निर्भयचं वजन त्याच्या निम्मं, पल्ला सुमारे १००० किलोमीटर. हा फरक संथ चालीने आणि टर्बोफॅन इंजिनाने कमावलेला आहे. अमेरिकेचं टोमाहॉकही ध्वनीपेक्षा हळूच जातं, प्रवासी विमानाच्या वेगाने. १९९१ च्या आखाती युद्धात त्यांच्या नौदलाने अशी २८८ डागली. त्यांना कुणी बैलगाडी म्हटलं नाही.

निर्भयची पहिली चाचणी, मार्च २०१३ ची, फसली होती हे खरं. वाटेतच ती थांबवावी लागली. पण ऑक्टोबर २०१४ ची यशस्वी झाली आणि त्याच कामातून पुढे आलेल्या लांब पल्ल्याच्या जमिनीवर मारा करणाऱ्या क्षेपणास्त्राची चाचणी नोव्हेंबर २०२४ मध्ये चांदीपूरला झाली. ते जहाजावरच्या उभ्या लाँचरमधूनही सोडता येईल अशी त्याची रचना आहे. म्हणजे फॉरवर्ड ज्याला फेकून द्या म्हणतो, ते नौदलासाठीच घडतं आहे.

२९० या आकड्याबद्दल जाता जाता. तो तंत्रज्ञान कमी पडलं म्हणून आलेला नाही. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाची रेषा ३०० किलोमीटर पल्ला आणि ५०० किलो भार अशी आहे. रशिया त्या गटात होता, आपण नव्हतो. म्हणून पल्ला रेषेच्या जरा अलीकडे. जून २०१६ मध्ये भारत सदस्य झाला आणि मार्च २०१७ मध्ये वाढीव पल्ल्याची चाचणी झालीसुद्धा.

आता ‘रडारला दिसत नाही’. पांडवलेण्याच्या पायथ्याशी हायवेवर उभं राहिलं तर समोरच्या इमारतींपलीकडे काही दिसत नाही. वर चढलं की अख्खं नाशिक दिसतं. रडारचं तसंच. पृथ्वी गोल असल्याने जहाजावर २५ मीटर उंचीवर बसवलेल्या रडारला पाण्यापासून १० मीटरवरून येणारी वस्तू साधारण ३३-३४ किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसते. दिसते मात्र नक्की. प्रश्न उरतो वेळेचा. ध्वनीपेक्षा हळू येणारं क्षेपणास्त्र हे अंतर कापायला सव्वादोन-अडीच मिनिटं घेतं, ब्रह्मोस त्या पट्ट्यात पूर्ण वेगाने आलं तर ३५ सेकंदांच्या आसपास. वेगाचा खरा फायदा हा आहे, आणि तो मोठा आहे. पण पूर्ण पल्ला गाठायचा तर ब्रह्मोसला वाटेचा मोठा भाग उंचावरूनच जावं लागतं, आणि तिथे ते दुरून दिसतं. सगळी वाट पाण्याला चिकटून जायचं म्हटलं की पल्ला घटतो. शिवाय शत्रूचं रडार विमानात असेल तर पांडवलेण्यावर चढलेला माणूस तोच.

सगळ्यात मोठी चूक ‘हजार किलोमीटरवरचं कुठलंही जहाज’ ही. कारखाना, पूल, तेलाची टाकी जागची हलत नाही. जहाज हलतं. ताशी ८०० किलोमीटरने जाणाऱ्या क्षेपणास्त्राला हजार किलोमीटरला सव्वा तास लागतो. तेवढ्यात ३० नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटरने पळणारी युद्धनौका जवळपास ७० किलोमीटर सरकलेली असते, म्हणजे नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून निघून चांदवड ओलांडलेली. कोणत्या दिशेने, तेही सांगून नाही. अमेरिकेने टोमाहॉकची जहाजविरोधी आवृत्ती काढली होती आणि १९९० च्या दशकात सेवेतून मागे घेतली. क्षितिजापलीकडे दिसणारा ठिपका शत्रूची विनाशिका आहे की कुणाचं तरी मालवाहू जहाज, हे खात्रीने सांगणं ही मोठी अडचण होती. जमिनीवर मारा करणाऱ्या टोमाहॉकला डोंगर-दऱ्यांची उंची नकाशाशी जुळवत वाट शोधता येई. समुद्रावर डोंगर कुठून आणणार? म्हणून क्षेपणास्त्राच्या आधी टेहळणी विमान, उपग्रह, पाणबुडी आणि वाटेत नवी माहिती पोहोचवणारा दुवा लागतो. फॉरवर्डमध्ये यातलं काहीच नाही, कारण त्याचा फोटो झकास येत नाही.

मोठ्या जहाजांबद्दलचा दावा मात्र पूर्ण खोटा म्हणणार नाही. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या छोट्या बोटींनी कराचीसमोर ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका बुडवली. ऑक्टोबर २०१५ मध्ये रशियाने कॅस्पियन समुद्रातल्या चार जहाजांवरून ‘कॅलिबर’ नावाची २६ क्षेपणास्त्रं सुमारे १५०० किलोमीटरवर सीरियात सोडली. त्यातली तीन जहाजं हजार टनांच्याही आतली. म्हणजे मारा करायला मोठं जहाज लागतंच असं नाही. पण कराचीच्या मोहिमेतही त्या बोटी एकट्या नव्हत्या. किल्टन आणि कच्छल या युद्धनौका सोबत होत्या आणि तेल पुरवायला पोषक ही नौका होती. आपल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिका ७ हजार टनांच्या वर आहेत. त्यांच्यावर ब्रह्मोस १६ आणि हवाई हल्ला परतवणारी ‘बराक-८’ क्षेपणास्त्रं ३२. मारण्यापेक्षा वाचण्याची सोय दुप्पट का, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एकदा स्वतःला विचारावं.

राहिलं आपलं ओझर. ब्रह्मोस १९९८ च्या भारत-रशिया करारातून आलं. नावही ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन नद्यांचं. पहिली चाचणी १२ जून २००१ ची. रशियाच्या ओनिक्स या क्षेपणास्त्राशी त्याचं जवळचं नातं आहे. आपला वाटा वर्षागणिक वाढतो आहे, पण १०० टक्के नाही, आणि क्षेपणास्त्र ओझरला बनतही नाही.

ओझरच्या विमान कारखान्यात वेगळंच काम झालं, आणि ते अवघड होतं. सुखोई-३० हे लढाऊ विमान, त्याच्या पोटाखाली अडीच टनांचं एकच क्षेपणास्त्र टांगायचं होतं. त्यासाठी विमानाचं पोट मजबूत करावं लागलं, यंत्रणा बदलाव्या लागल्या. २५ जून २०१६ ला ब्रह्मोस लटकवलेलं सुखोई पहिल्यांदा उडालं ते ओझरच्याच धावपट्टीवरून. २२ नोव्हेंबर २०१७ ला तशाच विमानाने बंगालच्या उपसागरातल्या लक्ष्यावर ते सोडलं. नाशिककरांनी पुढे पाठवा म्हणणाऱ्या मजकुरात याची एक ओळही नाही.