किसची भीती ढकलून जात नाही

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या काही जणांनी तो मोबाइलवर उघडून दाखवला आणि विचारलं, हे खरं आहे का? मजकूर साधारण असा: 'किस करायची भीती वाटते? म्हणजे तुझं त्याच्यावर खरं प्रेमच नाही. किंवा तू फार सोज्वळ घरातली आहेस, लग्न झालं की आपोआप जाईल. तशी भीती अगदीच खोटी नाही, एका किसमध्ये आठ कोटी जंतू जातात, एड्सही होऊ शकतो. पण त्याने एकदा न सांगता किस घेतला की विषय संपला. विहिरीत ढकललं की पोहता येतंच. यासाठी डॉक्टरबिक्टर कशाला!'

हा मेसेज ज्यांच्यापर्यंत पोचतो ती मुलं-मुली आधीच स्वतःला दोष देत असतात. म्हणून त्यातल्या एकेका वाक्याला उत्तर द्यायला हवं.

'खरं प्रेम नाही.' एका मुलीचं सांगते. तिची ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत. लग्न ठरलेलं, दोघांच्या पसंतीने. बाइकवर ती त्याच्या पाठीवर डोकं टेकवून निर्धास्त बसायची. पण त्याने हेल्मेट काढून चेहरा जवळ आणला की तिचा जबडा आवळला जायचा, श्वास अडकायचा, तळहात ओले व्हायचे. मग 'मला सर्दी झालीये' म्हणून ती मान वळवायची आणि घरी येऊन रडायची. प्रेम नसतं तर रडली कशाला असती? हवंसं वाटणं आणि घाबरणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात. शरीराने धोक्याची घंटा वाजवली म्हणजे मनाने नकार दिला असं होत नाही.

आणि ओठांवरचा किस हा प्रेमाचा जगभर चालणारा पुरावाही नाही. २०१५ साली मानववंशशास्त्रज्ञ विल्यम जान्कोविआक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६८ संस्कृतींची माहिती तपासली, तेव्हा प्रेमिकांनी ओठांवर चुंबन घेण्याची रीत त्यातल्या ७७ ठिकाणी, म्हणजे ४६ टक्क्यांतच आढळली. उरलेल्या ठिकाणी लोक प्रेमाशिवाय राहतात असं कोणी म्हणणार आहे का? काहींना तर किस मुळात नकोच असतो. त्यांना भीतीही नसते, खंतही नसते. त्यांना बरं करण्यासारखं काही नाही. मी बोलतेय ते ज्यांना हवं आहे आणि जमत नाही त्यांच्याबद्दल.

'सोज्वळ घर, लग्न झालं की जाईल.' घराचं वळण हे अनेक कारणांतलं एक, एवढंच. माझ्यासमोर येणारी कारणं फार वेगवेगळी असतात. कोणाला तोंडाला वास येत असेल अशी धास्ती. कोणाच्या दातांना तारा. कोणाला लहानपणी 'ये, काकांना पापा दे' म्हणून दर सुट्टीत पुढे ढकललेलं, तो नको असतानाही. कोणावर लहानपणी त्याहून फार वाईट ओढवलेलं, जे घरात कधी बोललं गेलं नाही. कोणाला अस्वच्छतेचा मंत्रचळ, ज्याचे उपचार वेगळ्या पद्धतीने होतात. आणि मेसेजमध्ये मुलगीच धरली आहे, पण मुलगेही येतात. 'मला येत नाही, ती हसेल' ही त्यांची भीती. ती मित्रांजवळ बोलता येत नाही, कारण मित्रांच्या बोलण्यात प्रत्येक जण पटाईत असतो.

यातलं काहीही मंगलाष्टकं संपल्यावर आपोआप विरघळत नाही. उलट वाढतं. प्रत्येक वेळी टाळलं की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेतून मेंदू शिकतो की टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. लग्नानंतर तर टाळायला जागाही उरत नाही, वर समोरच्याच्या मनात 'मी हिला आवडत नाही की काय' हा संशय.

आता जंतू. आठ कोटी हा आकडा हवेतून आलेला नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासातला तो आहे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २१ जोडप्यांच्या लाळेचे नमुने घेतले. जोडीतल्या एकाला प्रोबायोटिक दह्याचं पेय प्यायला दिलं, मग दहा सेकंदांचा किस, आणि त्या पेयातले जिवाणू दुसऱ्याच्या तोंडात किती पोचले यावरून हिशेब मांडला. म्हणजे मोजले गेले ते दह्यातले जिवाणू! आपल्या तोंडात एरवीही सातशेच्या आसपास जातींचे जिवाणू असू शकतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. आकडा खरा, त्यातून काढलेली दहशत खोटी.

एड्सचं तर साफ चुकीचं आहे. एचआयव्ही लाळेतून पसरत नाही. दोघांच्याही हिरड्यांतून रक्त येत असेल तरच धोका सांगितला जातो, आणि तसं घडल्याचं उदाहरण अतिशय दुर्मिळ. काय पसरू शकतं? सर्दी, फ्लू, ग्रंथींना सूज आणणारा एक ताप आणि ओठांवर पुरळ आणणारा हर्पिस. ओठावर फोड असताना किस टाळावा, तान्ह्या बाळाचा तर मुळीच घेऊ नये.

मला सगळ्यात जास्त राग आहे तो विहिरीच्या वाक्याचा. ज्यांनी गावाकडे पोहणं शिकलंय त्यांना विचारा. पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधलेला असतो, मामा किंवा काका आधीच पाण्यात उभा असतो, पहिले काही दिवस पायऱ्या धरून नुसते पाय मारायचे असतात. ज्यांना खरंच बेसावध ढकललं, त्यातले कितीतरी जण आज पन्नाशीतही पाण्यात उतरत नाहीत. घाबरलेल्या माणसावर अचानक किस लादला की नेमकं हेच होतं: भीतीला पुरावा मिळतो. आता तिला किसबरोबर त्या माणसाचीही भीती वाटते.

बळजबरी नको, आधी विश्वास हवा, हे आधुनिक लाड आहेत असंही कोणी म्हणेल. पण वात्स्यायनाने कामसूत्रात नववधूचा विश्वास कसा मिळवावा यावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. विश्वास बसण्याआधी बळजबरी केली तर स्त्रीला संगाचाच तिटकारा बसतो, असं तो तिथे बजावतो. आजचा कायदाही गंमत मानत नाही. संमतीशिवाय घेतलेला किस भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ खाली गुन्हा ठरू शकतो, मग घेणारा बॉयफ्रेंड का असेना.

भीती जाते ती पायरीपायरीने. जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकन मनोविकारतज्ज्ञाने १९५८ साली ही पद्धत मांडली आणि तिच्यातूनच पुढचे उपचार वाढले. त्या बाइकवाल्या मुलीने स्वतःच यादी केली आणि प्रत्येक गोष्टीला शून्य ते शंभर भीतीचे गुण दिले. हात हातात घेऊन किसबद्दल नुसतं बोलणं, २०. कपाळाला कपाळ टेकवून डोळे मिटणं, ३५. तिने त्याच्या गालावर, ४५. त्याने तिच्या गालावर, ६०. मिटलेल्या ओठांवर क्षणभर, ८०. आधी खालची पायरी, तीही भीती निम्म्यावर येईपर्यंत पुन्हा पुन्हा. चेहरा जवळ आला की ती श्वास रोखते हे तिला पहिल्यांदा यातच लक्षात आलं, मग नाकाने सावकाश श्वास सोडायचा सराव केला. नियम दोन. पुढची पायरी कधी, हे तीच ठरवणार. आणि 'थांब' म्हटलं की त्याने त्याच क्षणी थांबायचं, तोंड पाडायचं नाही. दुसरा नियम त्याला जड गेला. पण पाळला, आणि माझ्या मते निम्मं काम त्यानेच झालं. थांबता येतं हे कळल्यावरच तिला पुढे जावंसं वाटू लागलं.

राहिलं 'डॉक्टर कशाला'. किसच्या भीतीला वेगळं निदान नाही. ती 'विशिष्ट फोबिया'त, म्हणजे एखाद्याच गोष्टीच्या अतिरेकी भीतीत, मोडू शकते, आणि त्यासाठी साधारण सहा महिने किंवा जास्त टिकलेली, आयुष्यात अडथळा आणणारी भीती धरतात. पहिल्या वेळची धाकधूक यात येत नाही. तिला थोडा वेळ आणि समजूतदार जोडीदार पुरतो. पण भीतीमागे अत्याचाराची आठवण असेल, किंवा किसच्या विचारानेही घाबरगुंडी उडत असेल, तर वरची यादी एकट्याने करू नका. मानसतज्ज्ञाकडे जा आणि आधी विचारा की फोबियासाठी टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचे उपचार तुम्ही करता का. दात-हिरड्यांची शंका असेल तर दंतवैद्य एका भेटीत ती मिटवू शकतो. कोणाशी बोलायचं हेच सुचत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.