कुसळ

दहिवडीजवळ आत्याच्या शेताला फड्या निवडुंगाचं कुंपण आहे. ते कुणी लावलं, तिलाही ठाऊक नाही. माण तालुक्यात पाऊस पडो न पडो, कुंपण आपलं पसरतच असतं आणि त्यावरून बांधाची भांडणंही होतात. त्यातलं एक पान मी साताऱ्याला आणलं आणि अठरा दिवसांत मारलं.

मारलं ते मायेनं. कापून आणलं त्याच संध्याकाळी कुंडीत शेणखत घालून खोचलं, वर तांब्याभर पाणी. सकाळी मी पाणी घालायचो, दुपारी ही, आणि "बिचारं सुकलंय" म्हणत कामाच्या मावशी. शेवटी बुडखा भरताच्या वांग्यासारखा झाला. वास मात्र भरताचा नव्हता.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ साली, किरमिजी रंगासाठी ब्राझीलहून निवडुंगावर जगणारे किडे आपल्याकडं आणले होते. किडे भलत्याच जातीचे निघाले. रंग बेताचाच मिळाला, पण त्यांनी ठिकठिकाणचा निवडुंग खाऊन साफ केला. ज्या झाडाला हटवायला किड्यांची फौज लागली, ते मी एका तांब्यानं संपवलं!

आत्याला फोन केला. "आरं, ते काय तान्हं लेकरू हाय व्हय? कापल्यालं पान पंधरा दिस सावलीत टाक. खपली धरू दे. मग वाळूत हुबं कर आन् इसरून जा."

तिचं खरंच आहे. ओल्या कापातून बुरशी शिरते. शिवाय ज्याला आपण पान म्हणतो ते मुळात खोड; खऱ्या पानांचे कधीच काटे झालेत. त्या खोडात पाण्याचा साठा असतो, म्हणून मुळं नसतानाही ते खुशाल पडून राहतं. सगळं पटलं. अडलं ते 'इसरून जा'पाशी. चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला वर्गाकडं पाठ करून उभं राहता येत नाही, तिथं कुंडीचं काय!

दिवाळीत दुसरं पान आणलं. मोठे काटे दिसत होते, त्यांना वर्तमानपत्रात गुंडाळलं. पण काट्यांच्या बुडाशी तपकिरी मखमलीचे ठिपके होते. इतके मऊ दिसले, की दोन्ही अंगठे फिरवून पाहिले. ती मखमल म्हणजे कुसळं! केसाहून बारीक, आणि प्रत्येकाला उलटे दाते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. मला स्वतःच्या अंगठ्यातलं भिंग घेऊनही दिसेना. हिनं चष्मा लावून चिमटा चालवला, मग चिकटपट्टी लावून ओढली. निम्मी निघाली. उरलेली शर्टाची बटणं लावताना हजेरी देत.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. बँकेत खिडकीवर माझाच जुना विद्यार्थी. "सर, अंगठा नीट दाबा."

दाबला आणि खुर्चीतून उडालो. यंत्र म्हणे, जुळत नाही.

"डावा द्या."

डावाही त्याच मखमलीवरून फिरलेला.

"सर, तुम्ही आहात हे मला दिसतंय हो," तो ओशाळून म्हणाला, "मशीनला पटत नाहीये." मागच्या रांगेतून कुणीतरी "काय झालं, गेले का?" असं विचारलं. शेवटी कागदी फॉर्म मिळाला. पेन धरताना पुन्हा आई आठवली. सही मात्र हयात माणसाची वाटावी इतपत जमली.

इकडं पान पंधरा दिवस कपाटावर पडून होतं. खपली धरल्यावर वाळू-मातीत तिसरा हिस्सा खोचलं. आठवडाभर पाण्याचा थेंब नाही. तांब्या हिनं कुलपात ठेवला होता. मला हसू येत नव्हतं. डिसेंबरच्या अखेरीला, यवतेश्वरच्या डोंगराकडून गार वारं सुटलेलं असताना, गच्चीवर गेलो. मूळ धरलं का हे पाहायला पान हलकेच ओढून बघायचं असतं. ओढलं. हललं नाही! पुन्हा ओढलं. मातीनं घट्ट धरलेलं.

"अगं, धरलं!" म्हणत धावत खाली आलो. ही काही बोलली नाही. माझ्या उघड्या हाताकडं बघितलं आणि खणातून चिकटपट्टी काढून टेबलावर ठेवली.