बाजूला सरा, सावकार

कारखान्यात राबणं सोपं आहे. कारखान्यात असून काहीही न करता खुर्चीत बसून दाखवा, मग बोला.

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. आजूबाजूच्या फाउंड्र्यांमधून बिडाची कास्टिंगं येतात, आम्ही ती मापात तासून, भोकं मापात कापून, म्हणजे टर्निंग-बोरिंग करून देतो. दोन लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), एक ड्रिल आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा मालक मी, म्हणजे कामगारांचा ‘सावकार’. प्रत्येक मशीनला बंद करायचं लाल बटण असतं, तुम्हालाच तेवढं बसवायचं राहिलं, असं आमच्या हिचं म्हणणं. रविवारी जेवताना मी मोबाईलवर सीसीटीव्ही लावतो. ‘‘बंद शटरकडं काय बघालाय?’’ ती विचारते. ‘‘बंद आहे का ते बघालोय,’’ मी सांगतो. यात हसण्यासारखं काय आहे, मला अजून कळलेलं नाही.

पुण्याला आयटीत असलेला भाचा गणपतीला आला आणि मोदक संपायच्या आत त्यानं माझी शिकवणी सुरू केली. ‘‘मामा, लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले. गुर्लहोसूरचा जन्म. 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढं किर्लोस्करवाडीला कारखाना झाल्यावर शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचा पहारा करायला ठेवलं. आणि तुम्ही मेस्त्रींच्या हातात कपाटाची किल्ली देत नाही!’’

मी म्हटलं, ‘‘त्यांना बरं होतं. कोण काय करू शकतो हे कोर्टानंच लिहून दिलेलं. आमच्या मेस्त्रींच्या नावावर सायकलला दिवा नव्हता म्हणून झालेली साधी दंडाची पावतीसुद्धा नाही. एवढ्या कोऱ्या माणसावर कशाच्या आधारावर विश्वास ठेवू?’’

मग त्यानं टोयोटा काढली. तिथं म्हणे काही बिघडलेलं दिसलं की साधा कामगारसुद्धा दोरी ओढून अख्खी लाईन थांबवू शकतो. आमच्याकडं दोरीचा खर्च नाही. मी मशीनशेजारी जाऊन उभा राहिलो की लाईन आपोआप थांबते.

किल्लीचं प्रकरण असं. लेथच्या टूलला कार्बाईडचा इन्सर्ट लागतो. कापायचं काम करणारा, चारी कोपऱ्यांना धार असलेला नखाएवढा तुकडा, पण किंमत ऐकून घाम फुटतो. म्हणून इन्सर्ट कपाटात, किल्ली माझ्या खिशात आणि मला विचारल्याशिवाय बदलायचा नाही, हा नियम. मी बँकेत रांगेत असलो, न्हाव्यापुढं मान वाकवून बसलो असलो, तरी फोन यायचा. ‘‘सावकार, कोपरा गेलाय. नवा घालू?’’ मी विचारायचो, ‘‘चारी कोपरे वापरलेत काय?’’ ‘‘वापरलेत.’’ ‘‘फोटो पाठव.’’ मग फोटो यायचा, तो हललेला असायचा, मग दुसरा यायचा. तोवर लेथ बंद, त्यावरचा कडोलीचा पोरगा स्टुलावर बसून रील बघणार आणि लाईटचं मीटर मात्र इमानदारीत फिरत राहणार.

शेवटी हिनं, भाच्यानं आणि आमच्या बीपीच्या डॉक्टरांनी मिळून कट केला. किल्ली मेस्त्रींकडं गेली. ती खिशातून गेल्यावर पँट एका बाजूला हलकी वाटायची. मी चालताना कलतो असं वाटून पाठीच्या डॉक्टरांकडंही जाऊन आलो.

मेस्त्री माझ्यापेक्षा वयानं मोठे. वडिलांच्या काळापासूनचे. ते फार बोलत नाहीत. 35 मिलिमीटरच्या बोरला (भोकाला) मापात 25 मायक्रॉनची मुभा असते, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या निम्मीही नाही. बीड कोरडंच कापतात, त्यामुळं मशीनखाली काळी भुकटी साठत असते. मेस्त्री डोळे अर्धे मिटून उभे असतात. मला वाटायचं डुलकी लागली. ते आवाज ऐकत असतात. धार जायला आली की कापायचा आवाज बदलतो, तो त्यांना आधी कळतो, मापात नंतर दिसतो. आणि नेमका त्याच वेळी मी शेजारी उभा राहून फीड कमी करा, स्पीड वाढवा, कालचा तो जॉब कुठं ठेवला, असं चालू ठेवलेलं.

‘‘बाजूला सरा, सावकार,’’ एक दिवस ते म्हणाले. ‘‘उजेड अडवालाय. आणि आवाजबी.’’

मग त्यांनीच तोडगा काढला. ‘‘पयला पीस तुमी बघा. भिंग लावून बघा, वास घेऊन बघा. तुमी पास म्हणालासा की मग आत केबिनला जायचं. अधनंमधनं मी पीस पाठवतो, तो बघा. मशीनकडं यायचं नाही.’’

हे पहिला पीस बघणं मी फार मन लावून करतो. प्लग गेज म्हणजे भोकाचं माप तपासायचा दुतोंडी दांडा. त्याचं ‘गो’ टोक स्वतःच्या वजनानं बोरमध्ये अलगद उतरतं, ‘नो-गो’ टोक तोंडाशीच अडतं. संपलं. पास. यात मालकाच्या मताला कुठं जागाच ठेवलेली नाही, हे मला लागतं. मी उगाच आणखी दोनदा घालून बघतो. मेस्त्री छताकडं बघत थांबतात.

यानंतर एका लग्नासाठी गोव्याला जायचं झालं. जांबोटी गेली, कणकुंबी गेली, चोर्ला घाट लागला आणि मोबाईलची रेंज गेली. त्याच दिवशी आमचा एक लॉट निघायचा होता. हिनं घाटातला धबधबा दाखवला, मी फोन काचेला लावून दांडी शोधत होतो. खाली उतरल्यावर रेंज आली तेव्हा शॉपमधून एकही फोन आलेला नव्हता. एकही! मीच लावला. ‘‘गेली की गाडी मघाच,’’ मेस्त्री म्हणाले. ‘‘चलन?’’ ‘‘दिलं.’’ ‘‘मोजून?’’ ‘‘सावकार, लग्नात जेवण काय आहे?’’

वडीलधाऱ्या माणसाला याचं दुःख होणार नाही काय? लग्नात सोलकढी चांगली होती, पण मी एकच वाटी घेतली.

इन्सर्टचं बिल आता वाढलंय. रिजेक्शन कमी झालंय असं मेस्त्री म्हणतात. दोन्हींचा मेळ घालून बघितला की कुणाचं खरं ते कळेल, म्हणून मी तो अजून घातलेला नाही.

खरी पंचाईत पुढंच झाली. केबिनमध्ये बसल्यावर समोर टेबल दिसतं. टेबलावर कागद असतात. गिऱ्हाइकांकडून न आलेल्या पैशांची यादी, द्यायची राहिलेली कोटेशनं, बँकेची पत्रं. मशीनशेजारी उभं राहिलं की हे काही दिसत नाही, हा त्या जागेचा मोठा गुण होता. कायद्यानं आमच्यासारख्या लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांत मिळायला पाहिजे. कायदा चांगलाच आहे, गिऱ्हाइकाला अजून कुणी वाचून दाखवला नाही एवढंच. वसुलीला माणूस ठेवता येत नाही. तिथं मालकानंच जाऊन, मालकापुढं बसून, मुलाबाळांची चौकशी करून, चहाचा तिसरा कप संपवून हळूच विषय काढायचा असतो. 25 मायक्रॉन परवडले.

‘‘तुमी जावा,’’ मेस्त्री म्हणाले. ‘‘हिथं मी हाय.’’

तवंदी घाट उतरून, निपाणी मागं टाकून कोल्हापूर गाठलं. शिरोलीतल्या त्या कंपनीचे अकौंटंट सज्जन निघाले. ‘‘बिल कधीचं पास हाय तुमचं. चेकबी लिवून तयार हाय. फकस्त मालकांची सही ऱ्हायलीया.’’

‘‘मालक आहेत ना?’’

‘‘हाईत की. खाली ट्रक आलाय न्हवं, बोल्टच्या पिशव्या मोजाय लागल्यात. दुसऱ्या कुणाला मोजू देत न्हाईत.’’

मी खाली गेलो. चार माणसं हात बांधून उभी होती आणि मालक एकेका पिशवीला बोट लावून पुटपुटत होते. एकशे सदतीसपर्यंत आले असतील. मी नमस्कार केला. त्यांचं बोट हवेत थांबलं.

‘‘वर बसा, चहा घ्या,’’ ते म्हणाले आणि पहिल्या पिशवीकडं परत वळले.