मेलेल्या टोमॅटोचं पाणी आणि मामाचं पिंप

काल रात्री मामाने एक लांबलचक फॉरवर्ड पाठवला. खाली एकच ओळ: "ह्या खरा काय गो?" मी शेतकी शिकले, त्यामुळे घरातले असले सगळे मेसेज शेवटी माझ्याकडेच येतात. एरवी सोडून देते. पण मामाचा कुडाळजवळ टोमॅटोचा मळा आहे आणि यंदा ऐन फळधारणेत झाडं माना टाकतायत. सकाळी ताजीतवानी, दुपारी मलूल, चार दिवसांत उभ्या उभ्या वाळलेली; पानं पिवळी पडायलाही थांबत नाहीत. हा जिवाणूजन्य मर रोग.

फॉरवर्डचं म्हणणं असं: मर न येणारे टोमॅटो 'जीएम', म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेले असतात, त्यांत जिवाणूचं जनुक टोचलेलं असतं. त्यांचं बी धरता येत नाही. मुळात प्रतिकारक जात हेच थोतांड. त्यापेक्षा मेलेली झाडं सात दिवस पाण्यात कुजवा आणि ते पाणी उरलेल्या झाडांच्या मुळाशी ओता, म्हणजे झाडांना 'लस' मिळते.

शेवटापासूनच सुरुवात करते, कारण मामाने पिंप भरून ठेवलंय.

मामा, एक कर. मेलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत काप आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात नुसतं टेकवून धर. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी तार खाली उतरताना दिसेल. ती तार म्हणजे राल्स्टोनिया, मर आणणारा जिवाणू, लाखोंनी. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या त्यानेच तुंबवल्या म्हणून झाड पाण्यात उभं राहून तहानेने मेलं. तू पिंपात कालवलंयस ते हेच. लसीत जिवंत, धडधाकट रोगजंतू कोणी घालत नाही. हा जिवाणू मुळाच्या जखमेतून आत शिरतो आणि मातीतून, पाटाच्या पाण्यातून पसरतो. तू त्याला बादलीने थेट मुळाशी नेऊन पोचवणार आहेस. ज्याने हे लिहिलं त्याच्या मळ्यात एकही टोमॅटो नसणार, याची मला खात्री आहे.

आता 'जीएम'. आपल्या देशात व्यावसायिक लागवडीत असलेलं जीएम पीक एकच, बीटी कापूस, 2002 पासून. टोमॅटो त्यात नाही. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का आभा आणि अर्का आलोक या मर-प्रतिकारक जाती तैवानच्या भाजीपाला संशोधन केंद्राकडून आलेल्या वाणांतून निवडून काढलेल्या आहेत. रोगट जमिनीत रोपं लावायची, तगतील त्यांचं बी धरायचं, पुढच्या पिढीत पुन्हा तेच. ज्या 'हवाई 7996' या वाणाचा जगभर अभ्यास होतो, त्याचा प्रतिकारही टोमॅटोच्याच जनुकांमधला. सहाव्या आणि बाराव्या गुणसूत्रांवर त्याचे मोठे भाग सापडले आहेत. जिवाणूचं जनुक कुठून आणलं?

बी धरता येत नाही, हेही अर्धंच. आभा-आलोक सरळ वाण आहेत आणि टोमॅटो स्वपरागित, म्हणजे आपल्याच परागाने फळणारा, तेव्हा निरोगी झाडाचं बी खुशाल धर. त्याच संस्थेची अर्का रक्षक ही मर-प्रतिकारक जात मात्र संकरित. तिचं बी उगवतं, पण पुढच्या पिढीत झाडं सारखी निघत नाहीत. ही संकराची रीत आहे, कट नव्हे.

'थोतांड' या शब्दावर मात्र थोडी माघार घेते, नाइलाजाने. प्रतिकारक म्हणजे अभेद्य नव्हे. हा गुण एका जनुकावर टांगलेला नाही, बऱ्याच जनुकांचा मिळून आहे, त्यामुळे पैदाशीत तो पुरता उतरवणं अवघड. मोठ्या फळाबरोबर तो आणताना तर पैदासकारांची दमछाक होते. जिवाणूचे प्रकार अनेक. एका गावात टिकलेली जात दुसऱ्या गावात कोसळते. उष्मा वाढला किंवा सूत्रकृमींनी मुळं पोखरली की प्रतिकार ढिला पडतो. दुकानदार पाकीट विकताना यातलं काही सांगत नाही, हा राग रास्त आहे. म्हणून केरळ कृषी विद्यापीठाची शक्ती किंवा मुक्ती ही मर-प्रतिकारक जात आणलीस तरी आधी दोन सरी लावून बघ. आणि ज्या वाफ्यात झाडं मेली तिथे पुढच्या खेपेला वांगी-मिरची नको. तीही याच जिवाणूची गिऱ्हाइकं.

सकाळी मामाचा फोन आला. आधी फॉरवर्ड पाठवणाऱ्याला शिव्या, मग प्रश्न: "आता ह्या पिंप खंय ओतू?"

मळ्यात नाही, पाटात नाही, विहिरीजवळ तर मुळीच नाही. उताराच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या वाटेपासून लांब खोल खड्डा खण, त्यात ओत, वरून माती लोट. ती बादली आणि फावडं धुतल्याशिवाय मळ्यात परत नेऊ नकोस.